आधी हाक, मग उजेड

१

आकाशातून जळत गेलेल्या गोळ्याबद्दल माणसाला ओसरीवर बसवून विचारलं, की तो हमखास फुगवून सांगतो, असं गुणवंतरावांचं ठाम मत होतं. मुद्दाम नव्हे. पण हातात कपबशी आली आणि भोवती चार माणसं जमली, की नारळाएवढा गोळा बघता बघता बैलगाडीएवढा होतो. म्हणून ते साक्षीदाराला उठवून, तो त्या वेळी जिथे होता तिथेच नेऊन उभा करत. बैलाला पाणी पाजत होतास? मग बैल पण आण. अशी तालीम झाली, की हातात बांबूची काठी देत आणि म्हणत, "पहिल्यांदा दिसला तिकडं धर. आता विझला तिकडं." काठी स्थिर झाली की होकायंत्रावर दिशा बघायची, पट्टीवर कोन बघायचा आणि नकाशावर रेघ ओढायची. माणसाचं तोंड बहकतं, पण हाताला जागा बरोबर आठवते, असं ते कौतुकानं सांगत. चार गावांच्या रेघा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या आसपास दगड पडलेला असतो.

चांदा जिल्हा मुंबई राज्याला जोडला गेला, त्यानंतरच्या पौषातली ही गोष्ट. भर दुपारी पोंभुर्ण्याच्या बाजूला आकाशात मोठा उजेड झाला, मागून तोफांसारखा गडगडाट झाला, आणि नागपूरच्या भूगर्भ खात्यातून गुणवंतराव जीप घेऊन निघाले. दगड ताजा असताना हाती लागावा म्हणून हे लोक काय वाटेल ते करतात. गुणवंतरावांनी आयुष्यभर दुसऱ्यांनी आणलेले, कपाटात जुने झालेले दगड तपासले होते. स्वतः शोधलेला एकही नव्हता. हा पहिलाच ठरणार होता, आणि जीप चालवणाऱ्या बिरजूला हे त्यांनी वाटेत इतक्या वेळा ऐकवलं होतं की त्याला तोंडपाठ झालं होतं.

पहिला साक्षीदार कोलू गुराखी. त्यानं काठी छान धरली. मग गुणवंतरावांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "आधी उजेड की आधी आवाज?" आवाजाला पोचायला वेळ लागतो, त्यामुळे खरं उत्तर एकच असतं. हा प्रश्न ते माणूस पारखायला विचारत.

"पहिले बाई वरडली," कोलू म्हणाला.

"कोण बाई?"

"दिसली नाई ना जी. 'इस्तारी, ये रे' अशी वरडली. मंग उजेड झाला. मंग लय वेळानं गडगडलं."

गुणवंतराव हसले आणि बाईला वगळून बाकीचं लिहून घेतलं. दुसऱ्या गावात खळ्यावर धान झोडणारी सोमारी भेटली. तिनंही काठी धरली, आणि तिनंही आधी बाईची हाक सांगितली. तिसरा साक्षीदार तर जंगल डेपोतला शिकलेला कारकून. तो बराच वेळ घुटमळला, जाताना जीपपर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, हसू नका, पण उजेडाच्या आधी कुणीतरी कुणाला तरी बोलावलं. नाव इस्तारी होतं."

ही तीन गावं एकमेकांपासून कोसच्या कोस लांब. मधे जंगल. एवढ्या लांब माणसाचा आवाज जात नाही.

२

याचं उत्तर गुणवंतरावांकडे तयार होतं. बाजारात एकानं काही सांगितलं, की ते दहा जणांना आठवू लागतं. कान तर फारच भोळे असतात. हे त्यांना पुस्तकातून कळलं नव्हतं, घरातच कळलं होतं. त्यांची धाकटी बहीण कुंता लहानपणी मामाच्या गावी वर्धा नदीच्या पुरात गेली. सापडली नाही. तेव्हापासून भांदकच्या घरी दिवेलागणीला त्यांची आई दारात येऊन उभी राहायची. "पोरीनं हाक मारल्यासारखं वाटलं," म्हणायची. इतकी वर्षं झाली, म्हातारी वाकली, तरी अजून उभी राहायची. सुरुवातीला गुणवंतरावही धावत जाऊन रस्त्यावर बघून येत. मग त्यांनी बघणं सोडलं आणि विज्ञान धरलं. हे त्यांनी बिरजूला कधी सांगितलं नव्हतं. खरं तर कुणालाच नाही.

रेघा वैनगंगेच्या काठी कोसमटोला नावाच्या गावापाशी छेदत होत्या. ढीवरांची वस्ती; घरांवर जाळी वाळत घातलेली, अंगणात डोंगे पालथे पडलेले. मनसाराम नावाचा वयस्कर माणूस गावात सगळ्यांच्या वतीनं बोलायचा. त्याला दगडाबद्दल विचारताच तो कानकोंडा झाला.

"गोटा पडला ना साहेब. पण तो आता गोटा नाई राह्यला."

मग त्यानं सगळं नीट सांगितलं. गावातला एखादा माणूस गेला, की घरचे नदीवर जातात आणि त्याला नावानं हाक मारतात. हाकेसरशी पाण्यातून जे काही हाताशी येईल, मासोळी, झिंगा, पाणकिडा, त्यात तो आला असं धरतात, आणि त्याला घरी आणून देवाजवळ ठेवतात. मग तो घरचा होतो, घराला सांभाळतो. नाही आणला तर थंडीवाऱ्यात भटकत राहतो. रुखमाबाईचा एकुलता एक मुलगा भादव्यात डोंगा उलटून गेला. अंग सापडलं नाही. तिनं हाक मारली, हाताशी काहीच आलं नाही. दर अवसेला ती नदीवर जाऊन हाक मारायची आणि रिकाम्या हातानं परत यायची.

"आन् त्या दुपारी तिनं हाक मारली, आन् आभाळ फाटलं. तिच्या पायाजवळ रेतीत येऊन पडला. तिनं पदरात घेतला."

"मुलाचं नाव काय?" गुणवंतरावांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं, तरी विचारलं.

"इस्तारी," मनसाराम म्हणाला.

३

रुखमाबाईचं घर एका खोलीचं. कोपऱ्यात देव, देवांपुढे पितळी परात, आणि परातीत तो दगड. गुणवंतराव लहान मुलासारखे हरखले. मुठीहून मोठा, वरून काळा तुकतुकीत, एका कडेला टवका उडून आतली राखाडी खडी दिसणारी. इतका ताजा दगड त्यांनी कधी पाहिला नव्हता.

दगड ओला होता. नुसता दमट नव्हे. त्यावरून थेंब ओघळत होते आणि परातीत बोटभर पाणी साचलं होतं.

"तुम्ही पाणी घालता का यावर, बाई?"

"मी काऊन घालू? तो ओलाच आला. मी पुसते, तो परत ओला होते." तिनं पदरानं दगड पुसला, आंघोळीनंतर लेकराचं डोकं पुसतात तसा. "नदीत लय दिवस राह्यला ना."

गुणवंतरावांना बरं वाटलं, कारण हे त्यांना ठाऊक होतं. काही उल्कांना घाम फुटतो. आत एक खार असतो, तो हवेतला ओलावा ओढून घेतो. असं त्यांनी मनसारामला समजावूनही सांगितलं. सांगता सांगता त्यांनी खिशातलं लोहचुंबक दगडाला लावलं. ते जेमतेम चिकटलं. आणि घाम फुटतो तो लोखंडी उल्कांना, हे वाक्य त्यांनी मनातच ठेवलं.

दगड सरकारजमा होतो, असा कायदा ते नेहमी पहिल्यांदा सांगत. इथे त्यांच्यानं सांगवेना. त्यांनी विनंती केली, तपासायला द्या म्हणाले. रुखमाबाई नाही म्हणाली. मनसारामनं तिला बाजूला नेऊन काहीबाही सांगितलं, त्यात 'सरकार' हा शब्द दोनतीनदा आला. बिचारी परत आली ती डोळे पुसतच.

"परत आणून द्याल ना?"

"देईन."

तसं म्हणताना त्यांच्या मनात ते अर्धंमुर्धंच होतं. एक फोड कापून ठेवू, बाकीचा देऊ, असं काहीतरी.

"मंग न्या. पण नेताना त्याले नावानं बोलावू नका. जो बोलावते त्याच्या मांगं तो जाते. मले त्याच्याशिवाय कोणी नाई."

गुणवंतरावांनी मान हलवली. दगड फडक्यात बांधला, लाकडी पेटीत ठेवला, पेटी जीपमध्ये चढवली. रुखमाबाई दारात उभी राहून पेटीकडे बघत होती आणि ते बघणं त्यांच्या पाठीला टोचत होतं. दगडांशी थट्टेनं बोलायची त्यांना जुनी खोड होती. उल्केला तिच्या गावाचं नाव मिळतं. ते मिळेपर्यंत ते तिला वाटेल त्या नावानं हाका मारत. जीप गावाबाहेर पडली, मनावरचं ओझं झटकावंसं वाटलं, आणि पेटीवर थाप मारून ते म्हणून गेले, "चला इस्तारीभाऊ, नागपूर बघून येऊ."

बिरजू एरवी त्यांच्या सगळ्या थट्टेला हसायचा. या वेळी हसला नाही.

४

पोंभुर्ण्याला जंगल खात्याच्या बंगल्यात मुक्काम होता. दुपार कलली होती. व्हरांड्यात वेताच्या दोन खुर्च्या होत्या, त्यातल्या एकीवर गुणवंतराव पाय पसरून बसले. बंगल्याचा चौकीदार पोचू चहा घेऊन आला. ट्रेमध्ये दोन कप होते.

"बिरजूला तिकडंच दे," ते म्हणाले.

"त्याले देल्ला जी. हा त्या दुसऱ्या साहेबाचा."

"कोण दुसरे साहेब?"

"आंघोळ करून राह्यले ना." पोचूनं न्हाणीघराकडे बोट दाखवलं.

आतून पाण्याचा आवाज येत होता. तांब्यानं अंगावर घेतात तसा नव्हे. नदीतून बाहेर आलेला माणूस काठावर नुसताच उभा राहिला, की त्याच्या अंगावरून जसं निथळतं तसा. गुणवंतरावांनी जाऊन दार ढकललं. आत कुणी नव्हतं. बादली कोरडी, तांब्या पालथा. मधोमध फरशी ओली होती, आणि ती ओल न्हाणीघराच्या दारातून निघून व्हरांड्याकडे गेली होती.

पोचूनं सकाळी फरशी धुतली असेल. धुतली असेल आणि विसरला असेल. म्हातारपणी होतं. गुणवंतराव असं मोठ्यानं म्हणाले, कारण कुणीतरी म्हणायला हवं होतं. मग त्यांनी पेटी उघडली. फडकं कोरडं होतं. दगड कोरडा ठणठणीत होता, छपरावरच्या, उन्हात तापलेल्या कवेलूसारखा. घाम गेला होता, थेंबाचाही मागमूस नव्हता. खरं तर याचा आनंद व्हायला हवा होता. दमट झोपडीतून निघाला, वाळला, इतकं सोपं. पण दगड हातात घेतल्यावर त्यांना काहीतरी कमी वाटलं. घरातलं माणूस बाहेर गेलं की दार उघडतानाच कळतं, तसं.

ते व्हरांड्यात परत आले. दुसरी खुर्ची त्यांच्या खुर्चीकडे वळलेली होती. तिचा वेत ओला होता, आणि खाली पाणी ठिपकून छोटं थारोळं झालं होतं, त्यात रेती होती. वैनगंगेची रेती, बारीक शिंपल्यांची. कपातला चहा तसाच होता. नुसता गार झाला होता.

एक गोष्ट त्यांना पुढे कितीतरी वर्षं चकित करत राहिली. त्यांना पळून जावंसं वाटलं नाही. समोर कुणीतरी बसलं आहे, त्याला थंडी वाजते आहे आणि आपण कुठे आलो हे त्याला कळत नाही, असं त्यांना स्वच्छ वाटलं. त्यांनी अंगावरची शाल काढली आणि खुर्चीच्या पाठीवर टाकली.

शाल खाली घसरली नाही. खांद्यावर बसावी तशी बसली, आणि हळूहळू ओली होत गेली.

ती रात्र कशी गेली, ते गुणवंतरावांनी कधी कुणाला सांगितलं नाही, तेव्हा आपणही विचारू नये. उजाडताच त्यांनी बिरजूला जीप काढायला सांगितली. "नागपूर?" बिरजूनं विचारलं. "कोसमटोला," ते म्हणाले. बिरजूच्या चेहऱ्यावर इतकी सुटका दिसली, की यानं काय काय पाहिलं असेल हे विचारायची त्यांना हिंमत झाली नाही.

५

रुखमाबाईनं पेटी उघडू दिली. दगड दोन्ही हातांत घेतला, गालाला लावला. मग तिचा चेहरा बदलला. तिनं दगड वळवून बघितला आणि ओट्यावर ठेवून दिला.

"हा तर गोटा आहे," ती म्हणाली. "माहा पोट्टा कुठी ठेवला, साहेब?"

गुणवंतरावांनी पेटीतलं फडकं उगाच उलटून पाहिलं.

"नाव घेतलं तुमी."

"थट्टेत घेतलं, बाई." त्यांना स्वतःची लाज वाटली. "माझं चुकलं."

ती रागावली असती तर परवडलं असतं. ती मटकन खाली बसली. दर अवसेला ती नदीवर गेली होती, शेवटी एकदा तो आला होता, आणि एका माणसाच्या एका वाक्यानं परत गेला होता. मनसाराम येऊन दारापाशी उभा राहिला.

"आता तो माह्या हाकेनं येत नाई," ती शेवटी म्हणाली. "तुमच्या मांगं गेला. तुमीच आणून द्या."

"कसा?"

"नदीवर जाऊन बोलवा. आपल्या माणसाले बोलावते तसं बोलवा, सरकारी नाई. मंग सरळ घरी या. वाटेत थांबू नका, बोलू नका, मांगं पाहू नका. पाह्यलं तर तो तिथीच थांबते. पाहाचं ते दारातल्या माणसानं."

मुंबई राज्याच्या नोकरीतला शिकलेला माणूस, भर दिवसा, ड्रायव्हरच्या देखत. गुणवंतरावांनी बूट काढले.

६

नदी संथ होती. पलीकडच्या काठावर जंगल, माणूस नाही की पाखरू नाही. गुणवंतराव घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि म्हणाले, "इस्तारी." आवाज हजेरी घेतल्यासारखा निघाला. पुन्हा म्हणाले, तोच आवाज. आपल्या माणसाला कसं बोलवायचं, हे त्यांना आठवेना. किती वर्षांत त्यांनी कुणाला हाकच मारली नव्हती.

मग आठवलं. भांदकचं अंगण आठवलं, पानं वाढलेली असायची, आई म्हणायची पोरीला बोलाव रे, आणि ते दारात जाऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाईल अशी लांबट हाक द्यायचे. तो आवाज त्यांच्या पोटातून आपोआप वर आला. नाव त्यांनी इस्तारीचंच घेतलं, त्यात चूक केली नाही.

"इस्तारीऽऽ, ये रे, घरी चल!"

हाक पाण्यावरून लांब गेली. इतकी लांब, की ती थांबल्याचं त्यांना ऐकूच आलं नाही.

ते वळले आणि चालू लागले. रेती संपून वाट लागली, तेव्हा मागे ओल्या पावलांचा आवाज सुरू झाला. माणसाची जड पावलं, थकलेली. त्यांनी मान ताठ ठेवली. भीती होतीच, आणि तिच्याबरोबर एक विलक्षण काळजी, की हा मागे पडू नये. म्हणून ते जरा हळू झाले. पावलंही हळू झाली. वाटेच्या वळणावर त्यांना वाटलं की जड पावलांच्या मधेमधे आणखी काही वाजतं आहे. भरभर, हलकं, धावत येऊन गाठल्यासारखं. प्रतिध्वनी असेल, असं ते स्वतःशी म्हणाले. मोकळ्या रानात प्रतिध्वनी होत नाही, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

रुखमाबाई दारात उभी होती, हातात पाण्याचा लोटा. ती गुणवंतरावांकडे बघत नव्हती, त्यांच्या खांद्यावरून मागे बघत होती. बघता बघता तिच्या तोंडावर जे उमटलं, ते पाहून गुणवंतरावांचे डोळे भरून आले.

"आला माहा राजा," ती म्हणाली. "किती वाळला रे."

ते बाजूला सरले. ती वाकली आणि उंबऱ्यापुढच्या रिकाम्या जमिनीवर पाणी ओतू लागली. पाय धुतात तसं. गुणवंतरावांनी खाली पाहिलं, कारण खाली बघायला कुणी मना केलं नव्हतं. पाणी सरळ जमिनीवर पडलं नाही. जमिनीच्या वीतभर वर ते फुटलं, दोन्हीकडे वळलं, आणि मग मातीत उतरलं.

रुखमाबाईनं वाट सोडली, कुणाला तरी आत जाऊ दिलं. लोटा रिकामा झाला होता. ती आत निघाली आणि थबकली. तिनं पुन्हा त्यांच्या मागे पाहिलं, या वेळी नजर खाली नेऊन, लेकराकडे बघतात तशी.

"भाऊ," ती हळू म्हणाली, "ही बारकी पोट्टी कोण होय?"

गुणवंतराव हलले नाहीत.

"परकर ओला आहे तिचा. तुमाले धरून उभी आहे." ती जवळ आली. "आपण एकाले बोलावतो, पण हाक कुठी कुठी आयकू जाते, आपल्याले काय मालूम? साऱ्या नद्यांचं पाणी पुढं एकातच मिळते. तुमची होय का?"

"आमचीच," ते म्हणाले. "वर्धेत गेलेली." सदऱ्याचं मागचं टोक त्यांना ओलं आणि जड लागत होतं.

"मंग तिले घरी न्या. इथी ठेवू नका, तिचं दार इथी नाई. आन् मांगं पाहू नका."

जीप जवळच होती. गुणवंतरावांनी मागची झडप सोडली, थोडा वेळ थांबले, आणि न बघता परत लावली. बिरजूच्या बाजूचा आरसा त्यांनी स्वतःच्या हातानं बाहेर फिरवला. ओट्यावर उन्हात काळा दगड चमकत होता.

"साहेब, पत्थर रह गया," बिरजू म्हणाला.

"राहू दे. भांदकला चल. वाटेत कुठं थांबू नकोस." ते समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होते, आणि गालांवरून ओघळणारं पाणी त्यांनी पुसलं नाही. "दिवेलागणीच्या आत पोचायचंय. आई दारात उभी असेल."